लष्करी बँड कोणाचा?

२९ जानेवारी २०२२ च्या सायंकाळी दिल्लीच्या विजय चौकात 'बीटिंग रिट्रीट'चा समारंभ झाला. प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या या कार्यक्रमात तिन्ही सैन्यदलांचे बँड एकत्र येतात. 'अबाइड विथ मी' ही ख्रिस्ती प्रार्थनेची धून अनेक दशके तेथे वाजत आली होती. महात्मा गांधींना ती प्रिय होती. त्या वर्षी ती वगळण्यात आली आणि 'ऐ मेरे वतन के लोगों' या गीताच्या धूनला कार्यक्रमात स्थान मिळाले. वृत्तपत्रांत आठवडाभर वाद झडला. प्रजासत्ताकाच्या सैन्याने इंग्रजांनी मागे ठेवलेली धून का वाजवावी, असे एका पक्षाचे म्हणणे होते. गांधीजींच्या आवडीची धून वगळण्यामागे केवळ स्वदेशीचे प्रेम नाही, असे दुसरा पक्ष म्हणत होता. दोन्ही बाजूंनी बरेच लिहिले गेले आणि पुढील बातमी येताच सर्वजण तो वाद विसरले.

नगर जिल्ह्याने मात्र हा वाद इतक्या लवकर विसरू नये. नव्याने आलेल्या धूनचे कर्ते सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म १९१८ साली याच जिल्ह्यातील पुणतांबे येथे झाला. चीनच्या आक्रमणानंतर, २७ जानेवारी १९६३ रोजी, हे गीत दिल्लीत पंडित नेहरूंच्या उपस्थितीत प्रथम गायिले गेले. हेच पुणतांबे गाव १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपामुळे पुन्हा देशाला माहीत झाले. विजय चौकातील बँडने पुणतांब्याच्या सुपुत्राची चाल वाजवली, याचा जिल्ह्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु पुणतांब्याच्या शेतकऱ्याचे म्हणणे त्याच दिल्लीत किती ऐकले गेले, हा प्रश्न त्या अभिमानाच्या शेजारीच उभा राहतो. राज्यसंस्था लोकांची चाल घेते. लोकांचे म्हणणे घेतेच असे नाही.

त्या वेळचा सारा वाद धून कोणती वाजवावी, एवढ्यापुरताच झाला. त्याहून मूलभूत प्रश्न कोणी विचारलेच नाहीत. लष्करी बँड कोणाचा असतो? तो कोणासाठी वाजतो? कोणाच्या पैशावर वाजतो? आणि जो वाजवतो त्याच्या पदरात काय पडते? लोकशाहीत हे प्रश्न गौण नाहीत, आणि ते विचारण्याचा अधिकार अहिल्यानगरइतका फारच थोड्या शहरांना आहे.

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ च्या नामांतरापूर्वीचे अहमदनगर, हे दोन शतकांहून अधिक काळ छावणीचे शहर आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीच्या फौजांनी येथील किल्ला घेतला, आणि त्यानंतर या शहरावरील लष्कराची छाया कधी सरली नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील जर्मन नागरिकांना येथेच स्थानबद्ध केले. स्वातंत्र्यानंतर चिलखती दळाचे केंद्र व प्रशिक्षणशाळा येथे आली, १९७९ साली यांत्रिकी पायदळाची स्थापना झाली आणि त्याचेही केंद्र येथेच उभे राहिले. रणगाड्यांचे संग्रहालय पाहण्यासाठी शाळांच्या सहली येतात. छावणीच्या हद्दीतील भिंगार या गावाची पहाट तर बिगुलाच्या आवाजानेच होते.

या शहरातील सामान्य माणसाचा लष्कराशी संबंध तीन प्रकारे येतो. पहिला संबंध जमिनीचा. के. के. रेंज या सराव क्षेत्रामुळे नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांतील अनेक गावांच्या डोक्यावर भूसंपादनाची टांगती तलवार वर्षानुवर्षे राहिली. २०२० साली हा प्रश्न दिल्लीच्या दरबारी पुन्हा गेला होता. दुसरा संबंध नोकरीचा. दुष्काळी तालुक्यांतील अल्पभूधारकांच्या मुलांना पहाटे रस्त्यावर धावण्याचा सराव करताना ज्याने पाहिले आहे, त्याला हा संबंध समजावून सांगावा लागत नाही. तिसरा संबंध बँडचा. भरती केंद्रातील जवानांचे प्रशिक्षण संपते, दीक्षांत संचलन होते, देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले आईबाप मैदानाच्या कडेला बसतात आणि बँड वाजू लागतो. त्या क्षणी मुलगा राष्ट्राच्या स्वाधीन होत असतो, आणि ते त्या मातेला कोणत्याही भाषणापेक्षा बँड अधिक स्पष्टपणे सांगतो.

जमीन मागणारे, मुलगा मागणारे आणि संगीत देणारे लष्कर एकच आहे. शस्त्राविना नागरिकासमोर येणारा लष्कराचा भाग म्हणजे बँड. म्हणूनच त्याचे सार्वजनिक स्थान काय असावे, हा केवळ शिष्टाचाराचा विषय राहत नाही.

वाद्य आणि सत्ता यांचे नाते आपल्याकडे जुने आहे. दख्खनच्या दरबारांत नौबत हे मानाचे चिन्ह होते. ती कोणाच्या दारी झडावी, हे राजसत्ता ठरवीत असे. रणांगणावर शिंग, तुतारी आणि नगारे आज्ञा पोहोचवण्याचे काम करीत. युरोपात या साधनांना आधुनिक रूप मिळाले ते कवायती फौजांच्या आणि कारखानदारीच्या युगात. त्यात प्रशियाचा वाटा मोठा आहे. पितळी वाद्यांना चाप बसवून त्यांतून सर्व स्वर काढण्याच्या युक्तीला १८१८ साली तेथेच एकस्व मिळाले. प्रशियाच्या लष्करी संगीताची पुनर्रचना करणारा विल्हेल्म वीप्रेख्ट याने वाद्यकार मोरित्स याच्या साहाय्याने १८३५ साली बर्लिनमध्ये ट्यूबा हे खर्जाचे वाद्य सिद्ध केले. याच वीप्रेख्टने १८३८ साली रशियाच्या झारच्या स्वागतासाठी सुमारे एक हजार वादक आणि दोनशे ढोलकरी एकत्र आणून बर्लिनमध्ये भव्य मैफल घडवली. नगर जिल्ह्यातील एखाद्या वरातीत गळ्यात भलामोठा पितळी भोंगा अडकवून घाम पुसत चालणारा वादक प्रशियाच्या लष्करी कार्यशाळेशी अशा दूरच्या नात्याने जोडला गेला आहे. त्याला ते माहीत असण्याचे कारण नाही. परंतु ज्यांनी त्या वाद्याचा इतिहास लिहिला, त्यांनीही या वादकाची दखल घेतली नाही.

जर्मनीचे उदाहरण येथे मुद्दाम घेतले आहे. लष्करी संगीताचा सर्वांत भीषण दुरुपयोग त्या देशाने अनुभवला, आणि त्यानंतर त्याविषयी सर्वांत अधिक आत्मपरीक्षणही त्यालाच करावे लागले. हिटलरच्या राजवटीत मशाली, ढोल आणि कूचगीते यांनी लाखो लोकांची विवेकबुद्धी बधिर केली. ताल एक झाला की पावले एक होतात, आणि पावले एक झाली की विचार करणे हा गुन्हा वाटू लागतो. १९४५ च्या पराभवानंतर त्या देशात सैन्यच उरले नाही. १९५५ साली पश्चिम जर्मनीने नवे सैन्य उभारले तेव्हा ते लोकसभेला उत्तरदायी असेल आणि त्यातील सैनिक हा 'वर्दीतील नागरिक' असेल, असे तत्त्व मान्य करण्यात आले. मग प्रश्न आला की या सैन्याला बँड हवा काय, आणि हवा असेल तर तो कशासाठी?

जर्मनीने बँड ठेवला, परंतु त्याचे काम बदलले. बॉनजवळील झीगबुर्ग येथील लष्करी वाद्यवृंद हा आज मुख्यतः मैफलीचा वाद्यवृंद आहे. राजशिष्टाचाराचे काम तो करतो. पण त्याखेरीज सामान्य सभागृहांत अभिजात रचनांपासून चित्रपटसंगीतापर्यंतचे कार्यक्रम तो करतो, आणि अशा कार्यक्रमांचे उत्पन्न लोकोपयोगी कामांना जाते. १९७१ साली हेल्मुट श्मिट हे समाजवादी नेते संरक्षणमंत्री असताना त्यांच्या पुढाकाराने जाझ आणि लोकप्रिय संगीत वाजवणारा सैन्याचा स्वतंत्र वाद्यवृंद स्थापन झाला. लष्कराने तरुणांना त्यांच्या भाषेत भेटावे, हा त्यामागील विचार होता. सैनिकाने गणवेशात राजकीय सभेला जाऊ नये, असे तेथील सैनिकी कायदा सांगतो. २०१७ साली जुन्या सैनिकी गीतांचा एक संग्रह हिटलरच्या काळातील काही गीतांमुळे वितरणातून काढून घेण्यात आला.

यावरून जर्मनीत सर्व काही आलबेल आहे असे समजण्याचे कारण नाही. मशालींच्या उजेडात होणारा 'ग्रोसर त्साप्फेनश्ट्राइख' हा सन्मानसोहळा तेथे आजही वादाचा विषय आहे. १३ ऑक्टोबर २०२१ रोजी अफगाणिस्तानातील मोहिमेच्या समाप्तीनिमित्त तो संसदभवनासमोर झाला, तेव्हा मशालींची ती रांग पाहून अनेकांना जुन्या काळाची आठवण झाली आणि त्यांनी ती उघडपणे बोलून दाखवली. त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी चॅन्सेलर आंगेला मेर्केल यांना निरोप देताना बँडने काय वाजवावे हे प्रथेप्रमाणे त्यांना विचारण्यात आले. त्यांनी पूर्व जर्मनीतील नीना हागेन या बंडखोर गायिकेचे १९७४ चे एक गीत निवडले. सैन्याच्या वाद्यवृंदाने ते वाजवले. सत्ता सोडणाऱ्या नेत्याला सैन्य जाताना एक गाणे भेट देते आणि तो सोहळा कसा असावा यावर नागरिक भांडतात, या दोन्ही गोष्टी लोकशाहीच्या प्रकृतीची साक्ष देतात. तेथील धर्मादाय मैफलींतही लष्कराची प्रतिमा उजळण्याचा आणि भरतीला हातभार लावण्याचा हेतू असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. मुद्दा एवढाच की तो हेतू तेथे चर्चेच्या कक्षेबाहेर ठेवलेला नाही.

भारताच्या लष्करी बँडचा इतिहास वेगळा आहे, आणि त्याचा एक धागा नगरच्या किल्ल्यापाशी येतो. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव होताच काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना या किल्ल्यात डांबण्यात आले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद यांच्याबरोबर समाजवादी चळवळीचे अध्वर्यू आचार्य नरेंद्र देव तेथे होते. याच नगरचे सुपुत्र अच्युतराव पटवर्धन त्या वेळी भूमिगत राहून लढा चालवीत होते. आणि त्याच काळात, ११ सप्टेंबर १९४२ रोजी, दूर जर्मनीत, हॅम्बुर्ग येथे, सुभाषचंद्र बोस यांच्या उपस्थितीत 'जन गण मन'ची धून पाश्चात्त्य वाद्यवृंदाने वाजवली. नेते येथे तुरुंगात आणि राष्ट्रगीताची धून तेथे शत्रुपक्षाच्या राजधानीत नसली तरी त्याच्या भूमीवर, असा तो विचित्र काळ होता. हिटलरच्या जर्मनीचा आश्रय घेण्याबद्दल समाजवाद्यांचे सुभाषबाबूंशी मतभेद होतेच; ते लपवण्याचे कारण नाही. परंतु परकीय वाद्यांवर आपल्या राष्ट्राचा स्वर उमटू शकतो, ही गोष्ट त्या दिवशी सिद्ध झाली.

स्वातंत्र्यानंतर तीच गोष्ट निर्णायक ठरली. राष्ट्रगीत कोणते असावे, यावरची चर्चा आज केवळ शब्दांची आणि धर्मभावनेची चर्चा म्हणून सांगितली जाते. वस्तुतः ती बऱ्याच अंशी बँडची चर्चा होती. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी न्यूयॉर्क येथे भारताच्या राष्ट्रगीताची धून मागण्यात आली, तेव्हा 'जन गण मन' वाद्यवृंदाने वाजवले आणि ते उपस्थितांना आवडले. २५ ऑगस्ट १९४८ रोजी नेहरूंनी घटना समितीत केलेल्या निवेदनाचा रोख असाच होता की, राष्ट्रगीताची धून देशात व परदेशांत बँडवर आणि वाद्यवृंदावर वाजणार आहे. म्हणून शब्दांइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्व चालीला आहे. दुसऱ्या बाजूला महाराष्ट्राचे मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर 'वंदे मातरम्'साठी झटत होते. हे गीत बँडवर वाजू शकत नाही, हा आक्षेप खोडून काढण्यासाठी त्यांनी त्याची नवी स्वररचना सिद्ध केली आणि ती दिल्लीत घटना समितीच्या सदस्यांना ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' हे राष्ट्रगीत म्हणून जाहीर झाले आणि 'वंदे मातरम्'ला समान सन्मान देण्यात आला. त्या निर्णयाविषयी कोणाचे काहीही मत असो, एका गोष्टीची नोंद घेतली पाहिजे. एक गायक आपले म्हणणे वाद्यांसह लोकप्रतिनिधींपुढे मांडू शकत होता, आणि पंतप्रधान आपल्या निवडीची कारणे सभागृहाला सांगत होते. २०२२ साली विजय चौकातील धून बदलली तेव्हा अशी चर्चा झाली नाही.

१९५० साली, जनरल करिअप्पा सरसेनापती असताना, मध्य प्रदेशातील पचमढी येथे लष्करी संगीताची शाळा सुरू झाली. पुढील काळात भारतीय रागांवर आणि लोकधूनांवर आधारलेल्या कितीतरी संचलन-रचना तयार झाल्या. आझाद हिंद सेनेतील राम सिंह ठाकुरी यांची 'कदम कदम बढाए जा'ची चाल ज्या सैन्याविरुद्ध ती उभी राहिली होती, त्याच सैन्याच्या स्वतंत्र भारतातील वारसाने आपलीशी केली. बीटिंग रिट्रीटच्या अखेरीस वाजणाऱ्या 'सारे जहाँ से अच्छा'ची परिचित चाल रविशंकर यांनी १९४५ साली मुंबईत भारतीय जननाट्य संघासाठी, म्हणजे इप्टासाठी, बांधली होती. इक्बालांचे शब्द आणि डाव्या कलापथकाची चाल आज सैन्याच्या पितळी वाद्यांतून निनादते. ज्यांना लष्करी बँडचे 'शुद्धीकरण' करावयाचे आहे, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. या बँडच्या वहीत परकीय राजसत्ता, ख्रिस्ती प्रार्थना, उर्दू शायरी, बंगाली काव्य, गुरख्याची चाल आणि पुणतांब्याचा चित्रपट-संगीतकार असे सर्वजण शेजारी शेजारी आहेत. ती वही हेच खऱ्या अर्थाने प्रजासत्ताकाचे प्रतिबिंब आहे.

येथवर धूनचा विचार झाला. आता वाजवणाऱ्याचा विचार केला पाहिजे, कारण समाजवादी दृष्टी श्रमाकडे प्रथम पाहते.

नगर जिल्ह्यात दोन प्रकारचे बँड वाजतात. एक छावणीच्या मैदानावर आणि दुसरा लग्नाच्या वरातीत. वाद्ये बव्हंशी तीच आहेत. क्लॅरिनेट, ट्रंपेट, युफोनियम, मोठा ढोल. गणवेशही एकमेकांची आठवण करून देणारा आहे. खांद्यावरील झुली आणि छातीवरील सोनेरी गोंडे वरातीच्या बँडने साहेबाच्या पलटणीकडूनच उचलले. परंतु येथे साम्य संपते. लष्करातील वादकाला शिक्षण मिळते, श्रेणी मिळते, वेतन मिळते, निवृत्तीनंतर निवृत्तिवेतन मिळते. युद्धप्रसंगी जखमींना उचलून आणण्याचे काम बँडच्या जवानांकडे देण्याची परंपरा अनेक सैन्यांत आहे. त्यामुळे त्याच्या वाद्याला पराक्रमाची प्रतिष्ठाही लाभते. वरातीतील वादकाला यांपैकी काहीच मिळत नाही.

याचे कारण केवळ आर्थिक नाही. आपल्या गावगाड्यात वाजवणे हे काम जातीने ठरवले होते. हलगी, सनई, संबळ वाजवणारा मातंग किंवा होलार समाजाचा असे. मंगल कार्याला त्याचे वाद्य हवे, पण पंगतीत तो नको, हा आपला सांस्कृतिक वारसा आहे. पितळी वाद्ये आली तेव्हा त्याच समाजांतील कित्येक कलावंतांनी ती आत्मसात केली. नोटेशन येत नसताना कानाने ऐकून त्यांनी सी. रामचंद्रांच्या चाली बसवल्या. 'अलबेला'सारख्या १९५१ च्या चित्रपटातील पाश्चात्त्य ढंगाची गाणी खेड्यापाड्यांत पोहोचली ती जेवढी रेडिओमुळे, तेवढीच या बँडवाल्यांमुळे. तरीही त्यांच्या कलेला कोणी कला म्हटले नाही. लगीनसराईचे काही महिने सुपारी, उरलेल्या दिवसांत मजुरी, असे त्यांचे अर्थशास्त्र आहे. डीजेच्या भिंतींनी आधीच अर्धे काम नेले होते. २०२० आणि २०२१ या दोन लगीनसराया टाळेबंदीत गेल्या, तेव्हा वाद्ये विकण्याची पाळी अनेकांवर आली. ३ मे २०२० रोजी देशभर रुग्णालयांसमोर लष्कराच्या बँडनी करोना योद्ध्यांना मानवंदना दिली, ती उचित होती. त्याच दिवसांत वरातीचा वादक घरात बसून होता आणि त्याची चौकशी करण्याचे कोणत्याही खात्याला सुचले नाही.

एकच वाद्य एका हाती सन्मान ठरते आणि दुसऱ्या हाती हीनतेची खूण. दोन वादकांतील भेद कौशल्याचा असतोच असे नाही. भेद संस्थेचा आहे. राज्यसंस्थेने एकाला शिकवले आणि दुसऱ्याला जातीच्या स्वाधीन ठेवले. यांत्रिकी पायदळात सर्व प्रांतांचे, जातींचे आणि धर्मांचे जवान एकत्र असतात. छावणीच्या कुंपणाआत जी समता व्यवहारात आणता येते, ती कुंपणाबाहेर येऊ शकत नाही, याला कोणतेही तात्त्विक कारण नाही. इच्छाशक्तीचा अभाव एवढेच कारण आहे.

दुर्दैवाने आता कुंपणाआतील सुरक्षितताही क्षीण होऊ लागली आहे. १४ जून २०२२ रोजी 'अग्निपथ' योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर फार तर एक चतुर्थांश जवानांना कायम करणे आणि उरलेल्यांना निवृत्तिवेतनाविना घरी पाठवणे, हे तिचे सार आहे. नौदल आणि हवाईदल यांनी वादकांची भरतीही याच योजनेखाली सुरू केली. बंदूक चालवणे चार वर्षांत शिकता येते की नाही, हा वाद तज्ज्ञांनी करावा. परंतु वाद्य चार वर्षांत परिपक्व होत नाही, हे सांगण्यास तज्ज्ञ लागत नाही. वादकाच्या ओठांना आणि श्वासाला वळण लागते, तो इतरांच्या स्वरात आपला स्वर मिळवायला शिकतो, आणि तोच त्याची मुदत संपते. कंत्राटी पद्धतीने कारखान्यातील कुशल कामगाराचे जे झाले, तेच येथे होणार. निवृत्तिवेतनाचा भार कमी होतो, हा हिशेब ताळेबंदात दिसतो. गमावलेले कौशल्य कोणत्याच रकान्यात दिसत नाही.

बँडवर खर्च करावाच कशाला, असा प्रश्न काही काटकसरी मंडळी विचारतात. अमेरिकेत हा प्रश्न तेथील संसदेपर्यंत गेला. २०१५ या आर्थिक वर्षात तेथील सैन्यदलांनी बँडवर सुमारे ४३ कोटी ७० लाख डॉलर खर्च केले, आणि बँडने नेमके काय साधते हे मोजण्याची पद्धत सैन्यदलांपाशी धड नाही, असा अभिप्राय सरकारी लेखापरीक्षकांनी दिला. प्रश्न योग्य आहे, मात्र त्याचे उत्तर बँड मोडीत काढणे हे नव्हे. उघड्या मैदानावर वाजणारे संगीत ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू आहे. एकाने ऐकले म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला कान झाकावे लागत नाहीत. ज्या वस्तूचा खर्च सर्व जनता कररूपाने सोसते, तिचा उपभोग निमंत्रितांच्या पहिल्या चार रांगांपुरता राहत असेल, तर तो अन्याय आहे. खर्चाचे समर्थन व्हावयाचे असेल, तर ते बँड लोकांत जाण्यानेच होईल.

लोकांत जाणे म्हणजे सत्ताधाऱ्यांच्या व्यासपीठावर जाणे मात्र नव्हे. निवडणूक प्रचारात सैनिकांची छायाचित्रे वापरू नयेत, असे निवडणूक आयोगाला मार्च २०१९ मध्ये सर्व पक्षांना बजावावे लागले. छायाचित्राला जे लागू आहे, ते बँडला अधिकच लागू आहे. छायाचित्र डोळ्यांना दिसते आणि मनुष्य त्याविषयी विचार करू शकतो. संगीत विचाराच्या आधी अंगात भिनते. जर्मनीचा धडा हाच आहे. बँडच्या तालावर जनतेला देशभक्ती आणि सरकारभक्ती यांतील फरक विसरायला लावणे फार सोपे असते.

म्हणून काही मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत, आणि त्या मांडण्याचे काम नगरच्या कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे. पहिली मागणी अशी की, छावणीतील बँडचे कार्यक्रम वर्षातून काही वेळा शहरात आणि तालुक्याच्या गावी खुल्या मैदानावर, निमंत्रणपत्रिकेविना, सर्वांसाठी व्हावेत. के. के. रेंजच्या परिसरातील गावांचा त्यात अग्रक्रम असावा; मात्र संगीत ऐकवले म्हणून जमिनीचा प्रश्न मिटला, असे कोणी समजू नये. दुसरी मागणी, अशा कार्यक्रमांच्या व्यासपीठावर कोणत्याही पक्षाच्या पुढाऱ्याला स्थान नसावे, मग तो पक्ष कोणताही असो. तिसरी मागणी, लष्करी बँडमधील निवृत्त वादक आणि वरातीच्या बँडमधील कलावंत यांना एकत्र आणून जिल्ह्यात वाद्यशिक्षणाचा वर्ग सुरू करावा. त्यास राज्य शासनाने मान्यता द्यावी आणि मातंग, होलार आदी समाजांतील मुलामुलींना तेथे शिष्यवृत्ती मिळावी. चौथी मागणी, वादकांची भरती चार वर्षांच्या कराराने करण्याचे धोरण रद्द व्हावे.

याबरोबर एक सावधगिरीही हवी. जर्मनीप्रमाणे येथेही धर्मादाय मैफली व्हाव्यात, ही सूचना कानाला गोड लागते. परंतु रुग्णालय चालवणे ही शासनाची जबाबदारी आहे. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी नगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण मृत्युमुखी पडले. अशी रुग्णालये सुरक्षित करण्यासाठी पैसा अंदाजपत्रकातून यावयाचा असतो, तिकीट विक्रीतून नव्हे. बँडने लोकांना एकत्र आणावे. शासनाच्या कर्तव्यच्युतीवर पांघरूण घालू नये.

भिंगारचे उदाहरण यासंदर्भात बोलके आहे. छावणी परिषदांच्या निवडणुका २०२३ साली जाहीर झाल्या आणि लगेच रद्दही झाल्या. ज्या नागरिकांचा दिवस लष्कराच्या बिगुलाने सुरू होतो, त्यांना आपल्या नळाच्या पाण्याविषयी विचारणा करण्यासाठी स्वतःचा निवडलेला प्रतिनिधी मिळू नये, ही स्थिती प्रजासत्ताकाला शोभणारी नाही. बिगूल ऐकणाऱ्यालाही आवाज असतो. तो ऐकण्याची व्यवस्था नसेल, तर उत्तमोत्तम बँडही केवळ नौबत ठरतो. सरदाराच्या दारी झडणारी आणि रयतेने दुरून ऐकावयाची नौबत.

राष्ट्र सेवा दलाच्या पिढीने कवायत आणि कलापथक एकाच मैदानावर शिकले. संचलनाला शिस्त हवी, पण ती शिस्त प्रश्न विचारणाऱ्या माणसाची हवी, हे त्या पिढीला एस. एम. जोशींसारख्यांनी शिकवले होते. त्यामुळे समाजवाद्यांना बँडची भीती वाटण्याचे कारण नाही आणि त्याच्या तालावर भान हरपण्याचेही कारण नाही. विजय चौकात कोणती धून वाजावी हे ठरवण्याचा अधिकार शेवटी जनतेचाच आहे. परंतु त्याआधी छावणीच्या मैदानावरील वादक आणि वरातीतील वादक एका रांगेत उभे राहिले पाहिजेत. ते ज्या दिवशी नगरच्या एखाद्या चौकात एकत्र वाजवतील, त्या दिवशी हा बँड खऱ्या अर्थाने प्रजासत्ताकाचा झाला असे म्हणता येईल.